चांदनीचा पिंगळा : एक दुरुस्ती

बुऱ्हाणपुरातल्या एका शाळेने २००२ साली एक स्मरणिका काढली होती. तीत माझा एक छोटा लेख आहे. लेख साधारणच आहे, पण त्यातली एक ओळ मला आज वीस-बावीस वर्षे छळते आहे. ती ओळ अशी : ‘१९६४ च्या हिवाळ्यात चांदनी स्टेशनामागच्या जंगलात, भर दुपारी, सालईच्या निष्पर्ण फांदीवर शेपटी डावीउजवीकडे हलवीत बसलेला रानपिंगळा मी स्वतः पाहिला आहे.’

या एका वाक्यात तीन गोष्टी खोट्या आहेत आणि एक लपवलेली आहे. त्या कोणत्या, ते पुढे येईलच.

कुणी म्हणेल, साठ वर्षांपूर्वी एका पोराने कुठला पक्षी पाहिला, त्याची एवढी चिकित्सा कशाला? मलाही तसेच वाटत होते. पण गेल्या वर्षी पुण्याकडच्या एका तरुण अभ्यासकाचा फोन आला. कुणाच्या तरी घरी त्याला ती स्मरणिका सापडली होती. आवाजात उत्साह मावत नव्हता. म्हणाला, “सर, १८८४ ते १९९७ या काळात या पक्ष्याची जगात एकही खरी नोंद नाही. तुमची नोंद खरी असेल तर ती एकमेव ठरेल.” मी फोन ठेवला आणि बराच वेळ बसून राहिलो. एकशे तेरा वर्षांच्या अंधारात एकच दिवा, आणि तो मी लावलेला! मोह कुणाला पडणार नाही? त्या मोहाचा आणि त्या पक्ष्याचा इतिहास सांगण्यासाठी हा लेख.

चांदनी आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी गाडीच्या खिडकीतून पाहिली असेल. भुसावळहून खंडव्याकडे निघाले की बुऱ्हाणपूर मागे पडते, मग असीरगढ रोड, मग चांदनी, आणि लगेच नेपानगर. आमच्या घरी आई ‘चांदणी’ म्हणायची, शाळेत आम्ही ‘चाँदनी’ म्हणायचो आणि स्टेशनाच्या पाटीवर ‘चांदनी’ लिहिलेले असायचे. आपण सीमेवरची माणसे. एकाच गावाची तीन नावे खिशात बाळगून हिंडतो. वडील रेल्वेत होते. त्यांची बदली चांदनीला झाली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. क्वार्टरच्या मागे पाण्याचा पंप, पंपाच्या पलीकडे थोडी शेते, आणि शेते संपली की साग-सालईचे जंगल सुरू व्हायचे ते थेट सातपुड्याच्या कुशीत.

सालई म्हणजे काय, हे नेपानगरच्या आसपास राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. उतारावर, खडकाळ मुरमातही उगवणारे झाड. साल कागदासारखी पापुद्रे सुटणारी, चीक धुपासारखा सुगंधी, लाकूड मऊ. हिवाळा सरता सरता सगळी पाने झडतात आणि फांद्या आभाळात नुसत्या हात पसरून उभ्या राहतात. या मऊ लाकडापायीच सालईचे नशीब फिरले. देशाला लागणारा वर्तमानपत्री कागद तोवर परदेशातून येत असे. ‘नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स’ ही कंपनी १९४७ साली स्थापन झाली, तिच्या आद्याक्षरांतून ‘नेपा’ हे नाव तयार झाले आणि नावातून गाव. १९५६ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी हा कारखाना राष्ट्राला अर्पण केला. सालई आणि बांबू हा त्याचा मूळ कच्चा माल. ओंडक्यांच्या राशी मी लहानपणी पाहिल्या आहेत. त्या राशींवर चढून आम्ही लपंडाव खेळत असू. त्यातलीच एखादी सालई लगदा होऊन, रुळांवरून भुसावळमार्गे जाऊन, दुसऱ्या दिवशी आमच्याच घरी मराठी वर्तमानपत्र होऊन येत असेल, असे वडील गमतीने म्हणत. त्या सालईच्या ढोलीत कोण राहत होते, याचा विचार त्या वेळी कुणाच्या मनात आला नाही.

आता पिंगळा. आपल्या मराठी घरांना पिंगळा दोन रूपांत ठाऊक आहे. एक पक्षी, आणि दुसरा पहाटे हातात कंदील व कुडमुडे घेऊन दारात येणारा भविष्यवाला. या दुसऱ्याला पहिल्याची भाषा कळते अशी समजूत. एकनाथांच्या भारुडांतही तो आहे. खान्देशातून असा एक पिंगळा वर्षाकाठी एकदा चांदनीलाही येई आणि आई त्याला सुपातून धान्य घाली. त्याची भाकिते खरी ठरल्याचे मला आठवत नाही, पण त्याच्यामुळे पिंगळा हा शब्द आमच्या कानात बसला. पक्षी-पिंगळा म्हणजे ठिपकेवाला पिंगळा : वीतभर उंचीचे, तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेले लहानसे घुबड. वडाच्या, चिंचेच्या ढोलीत, जुन्या इमारतींच्या खाचांत, माणसाच्या अगदी शेजारी राहणारे. तिन्हीसांजेला चिरकत भांडते आणि दिवसाही ढोलीच्या तोंडाशी डोळे किलकिले करून बसलेले दिसते. याला कुणी दुर्मीळ म्हणणार नाही.

रानपिंगळा मात्र वेगळा. त्याची कथा सुरू होते १८७२ च्या डिसेंबरात. आताच्या छत्तीसगडात बसना-फुलझरच्या भागात एफ. आर. ब्ल्यूइट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एक लहान घुबड मारले आणि त्याची कातडी अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे पाठवली. हेच ते ह्यूम, ज्यांना आपण काँग्रेसच्या स्थापनेमुळे ओळखतो. पण त्यांचा जीव खरा रमला होता पक्ष्यांत. ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे पक्षिशास्त्राचे नियतकालिक ते स्वतः चालवीत. १८७३ साली त्यांनी या घुबडाचे वर्णन छापले. ते नेहमीच्या पिंगळ्यापेक्षा इतके निराळे वाटले की त्यांनी त्याच्यासाठी नवे कुलच निर्माण केले : हेटेरोग्लॉक्स, म्हणजे ‘निराळे घुबड’. पुढे ब्ल्यूइटचे नाव जोडले.

१८७७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना आताच्या ओडिशातल्या खरियारजवळ दुसरा नमुना मिळाला. आणि त्यानंतर १८८० च्या दशकाच्या आरंभी सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी पश्चिम खान्देशात, शहादा-तळोद्याच्या बाजूला, आणखी काही पक्षी जमवले. डेव्हिडसन मोठा चिकाटीचा माणूस. पश्चिम खान्देशातल्या पक्ष्यांची यादी त्यांनी ह्यूमच्या नियतकालिकात छापली आहे. फुलझर, खरियार आणि खान्देश मिळून जगभरच्या संग्रहालयांत या पक्ष्याच्या सातच कातड्या. १८८४ नंतर तो कुणालाच दिसला नाही.

याच सुमारास ह्यूमवर एक संकट कोसळले. ते सिमल्याबाहेर असताना त्यांच्या घरच्या नोकराने पक्ष्यांवरची पंचवीसएक वर्षांची टिपणे बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली. हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर ते जो मोठा ग्रंथ लिहिणार होते, तो तिथेच संपला. माणूस इतका खचला की १८८५ मध्ये त्यांनी आपला हजारो पक्ष्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्याच वर्षी काँग्रेस स्थापन झाली. त्या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध कितपत, हे इतिहासकारांनी ठरवावे. मला मात्र त्या वाण्याच्या दुकानाची आठवण येते. त्या पानांत कुणीतरी साखर बांधून नेली असेल.

आता खरा खलपुरुष येतो. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन : इंग्रज सेनाधिकारी, हेरगिरीत नाव कमावलेला, आणि पक्षिशास्त्रातले तर बडे प्रस्थ. त्याने वीस हजारांवर पक्ष्यांचा संग्रह केला आणि १९५४ साली तो ब्रिटिश म्युझियमला भेट दिला. त्यात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिले होते : ऑक्टोबर १९१४, मांडवी, तापी नदी. म्हणजे गुजरातेतली मांडवी. जाणकारांनी ते प्रमाण मानले. हा पक्षी १९१४ पर्यंत जिवंत होता आणि तापीच्या खालच्या खोऱ्यातही होता, असे पुस्तकांत आले. पुढे सलीम अली आणि अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनीही शोध घेतले. हाती काही लागले नाही. नागपूरच्या बाजूचे एक छायाचित्र मध्ये गाजले, पण तो निघाला साधा ठिपकेवाला.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवर एक मोठे पुस्तक तयार करीत होत्या. त्यासाठी इंग्लंडमधल्या ट्रिंग येथील संग्रहालयात एकेक कातडी तपासताना त्यांना कर्नलसाहेबांचा संशय येऊ लागला. तोवर इतरांनीही त्याच्या काही नमुन्यांबद्दल शंका काढल्या होत्याच. रानपिंगळ्याच्या कातडीची क्ष-किरणांनी तपासणी झाली आणि भांडे फुटले. पक्ष्याचे पोट कसे उघडावे, आत काय व कसे भरावे, टाके कसे घालावेत, याची प्रत्येक संग्राहकाची आपापली पद्धत असते. शिंप्याच्या हातासारखी ती ओळखू येते. १९१४ चा म्हणवला जाणारा तो पक्षी मुळात डेव्हिडसनच्या हाताने तयार झालेला होता. म्हणजे आपल्या खान्देशातला. कर्नलने तो म्युझियममधूनच चोरला, उसवला, पुन्हा भरला, खोटी चिठ्ठी लावली आणि काही दशकांनी त्याच म्युझियमला ‘भेट’ दिला! रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये ही सारी लबाडी पुराव्यानिशी छापली.

चोरी ती चोरीच. पण मला जास्त राग चिठ्ठीचा येतो. चोराने नेलेला पक्षी निदान जगातून एकाच संग्रहालयापुरता कमी होतो. खोट्या चिठ्ठीमुळे त्यानंतरचा प्रत्येक माणूस चुकीच्या रानात शोधत हिंडतो. रासमुसेनबाईंनी नेमके हेच केले नाही. मांडवी त्यांनी यादीतून काढून टाकली आणि उरलेल्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांचाच माग घ्यायचे ठरवले. बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या दोन सोबत्यांना घेऊन १९९७ च्या नोव्हेंबरात त्या आल्या. आधी पूर्वेकडची रानं धुंडाळली. तिथे काही नाही. मग शहाद्याला आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, उन्हे चांगली वर आली असताना, एका उघड्याबोडक्या झाडावर एक लहान घुबड बसलेले दिसले. माथ्यावर ठिपके नाहीत. पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. त्यांनी त्याचे चित्रीकरण केले आणि जगाला कळले की ब्ल्यूइटचे घुबड जिवंत आहे.

सकाळी, उन्हात : या पक्ष्याची खरी मौज इथेच आहे. घुबड म्हटले की आपल्याला रात्र आठवते. निसर्गानेही घुबडाला जणू रात्रीसाठीच घडवले आहे. मोठाले डोळे खोबणीत घट्ट बसवलेले. ते फिरत नाहीत म्हणून मान मागेपर्यंत फिरवण्याची सोय. अनेक जातींत दोन कान वरखाली, म्हणजे काळोखात उंदराची खसफस नेमकी कुठून आली ते कळावे. पिसांच्या कडा मऊ, उडताना आवाज होऊ नये म्हणून. लाखो वर्षे राबून रात्रीचे हे सगळे बिऱ्हाड जमवायचे, आणि मग त्यातल्याच एका शाखेने भर उन्हात शिकारीला बसायचे, याला काय म्हणावे? उत्क्रांती म्हणजे वर वर जाणारा जिना, असे आम्हाला शाळेत शिकवले होते. तो जिना नाही. सातपुड्यातली गुराखीवाट आहे. पुढे जाते, वळते, कधी निघाली तिथेच येते. त्या वाटेवर जे कामास येईल ते टिकते.

रानपिंगळा सकाळपासून शेंड्यावर बसतो. झाड उघडे असले तर त्याला अधिक बरे; खालची जमीन स्पष्ट दिसते. सरडे, सापसुरळ्या, लहान उंदीर, टोळ, पावसाळ्यात बेडूक हे त्याचे खाणे. सरडे आणि सापसुरळ्या उन्हात बाहेर पडतात. जेवण ज्या वेळी वाढले जाते त्या वेळी जेवायला बसावे, एवढेच या पठ्ठ्याने केले असावे, असा माझा आपला तर्क. त्याची चोच आणि नखे त्याच्या आकाराच्या मानाने दांडगी आहेत. शेपूट तो डावीउजवीकडे झटकतो. साधा पिंगळा तसे करीत नाही. तो अंग वरखाली डोलावतो. ही खूण लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे. जुन्या झाडांच्या ढोलीत हिवाळ्यात वीण होते, दोनएक अंडी असतात. नर कधी कधी स्वतःचीच पिले खातो, अशीही नोंद अभ्यासकांनी केली आहे. लक्ष्मीचे वाहन म्हणून ज्याला आपण हात जोडतो त्याच्या घरातल्या या गोष्टी!

ह्यूमनी त्याला वेगळे कुल दिले ते बरोबर होते का, हा वाद शंभरावर वर्षे चालला. २०१८ मध्ये भारतीय संशोधकांच्या एका गटाने जनुकांच्या आधारे त्याचा निकाल लावला. पंकज कोपर्डे, प्राची मेहता, उमा रामकृष्णन, व्ही. व्ही. रॉबिन आदी मंडळी त्यात होती. निकाल असा की रानपिंगळा हा ‘अथेने’ कुलातलाच आहे, आणि आपला दारचा ठिपकेवाला पिंगळा हा त्याचा जवळचा भाऊबंद. दोघांची वाट सुमारे पन्नास लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. आवाज निराळा, सवयी निराळ्या, वेळ निराळी. रक्त मात्र एक. एक रानात राहिला, एक माणसाच्या वळचणीला आला. (माणूस तेव्हा अजून माणूसही झालेला नव्हता, ही गोष्ट वेगळी.)

अथेने हे कुलच मोठे हुन्नरी. अथेन्सच्या जुन्या नाण्यांवर जे घुबड आहे ते याच कुलातले. अमेरिकेत याच कुलातले एक घुबड झाड सोडून जमिनीतल्या बिळांत राहते आणि दिवसाढवळ्या बिळाच्या तोंडाशी पहारा देते. भूमध्य समुद्रातल्या क्रीट बेटावर तर याचाच एक भाऊबंद उंच, लांब पायांचा होऊन बहुतेक जमिनीवरच वावरू लागला होता. आज त्याची फक्त हाडे सापडतात. झाड, बीळ, बेट, दिवस, रात्र : एकाच घराण्याने काय काय करून पाहिले!

शहाद्यानंतर शोधाला वेग आला. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी जुन्या पट्ट्यातली चौदा जंगले पालथी घातली आणि २००० साली त्याचा अहवाल छापला. चारच ठिकाणी मिळून पंचवीस पक्षी त्यांना दिसले. त्या चारांपैकी एक आपले खकनार. तेव्हा बुऱ्हाणपूर जिल्हा झाला नव्हता. तो २००३ साली खंडव्यातून वेगळा निघाला. पुढे मेळघाटात, यावलला, खंडव्याकडच्या काळीभीतच्या जंगलात आणि २०१४ मध्ये तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो सापडला. २०१८ मध्ये जागतिक यादीत त्याची ‘अतिसंकटग्रस्त’ ही पायरी बदलून ‘संकटग्रस्त’ झाली. तरीही प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे.

खकनारची बातमी आम्हाला कळली तेव्हा बुऱ्हाणपुरात चहाच्या दुकानांतूनही त्याची चर्चा होती. मी त्या वेळी शिक्षक होतो. पक्ष्यांवरची पुस्तके आणून वाचत होतो. शहाद्याच्या शोधाचे वर्णन तर पाठ झाले होते. आणि वाचता वाचता माझ्या चांदनीच्या आठवणीत हळूहळू एक घुबड सालईवर जाऊन बसले. आधी नुसते घुबड होते. मग ते दुपारी दिसू लागले. मग शेपूट हलवू लागले. मी मुद्दाम खोटे रचले, असे मला वाटत नाही. पण खरे तपासायला गेलो नाही, हेही तितकेच खरे. स्मरणिकेचे संपादक म्हणाले, “सर, आपल्या जिल्ह्याचा मान वाढेल.” मी ओळ लिहून दिली.

तरुण अभ्यासकाचा फोन आल्यानंतर दोन दिवसांनी मी अक्काकडे जळगावला गेलो. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिची स्मृती अजून लख्ख आहे आणि जीभही. मी स्मरणिका तिच्यापुढे धरली. तिने चष्मा लावून वाचले आणि माझ्याकडे पाहिले.

“सालई कुठली रे? चिंच होती ती. पंपापाशी.”

“नक्की?”

“त्या चिंचेच्या फांदीला आपला झोका होता. मला विसर पडेल? आणि दुपार कसली, दिवे लागायची वेळ होती. आईने मला कंदिलाची काच पुसायला सांगितली होती.”

मी शेपटीबद्दल विचारले. ती म्हणाली, “शेपटीचे मला काय माहीत? तू तिला हलवू दिलीस का?”

ही ती लपवलेली गोष्ट. माझ्या हातात बेचकी होती. रुळांमधली खडी बेचकीला फार चांगली. गोल नसते, पण वजनदार असते. पोरांनी सांगितले होते की घुबडाला खडा मारला तर ते खडा चोचीत धरून नदीवर नेऊन घासते, आणि खडा जसा झिजतो तसे मारणारे माणूस झिजते. मला ते खोटे करून दाखवायचे होते. नेम सहसा लागत नसे. त्या दिवशी लागला. घुबड खाली पडले आणि एक पंख पसरून तसेच राहिले. मी जागचा हललो नाही. अक्काने धावत जाऊन ते ओंजळीत उचलले. थोड्या वेळाने ते गेले. आईने आम्हाला दोघांनाही न्हाऊ घातले, वडिलांनी पंपामागे खड्डा केला. त्या वर्षीच्या दिवाळीला फटाके मिळाले नाहीत, आणि कुणी का विचारलेही नाही.

स्मरणिकेत मी ‘पाहिला आहे’ असे लिहिले. पाहिला, हे खरेच.

“अक्का, ते तुझ्या हातात होते. डोके कसे होते त्याचे?”

ती थोडा वेळ बोलली नाही. मग उजवा हात उचलून तिने तळव्यावर बोट टेकवले, जणू ते अजून तिथे आहे. “मऊ होतं. आणि डोक्यावर बारीक पांढरे ठिपके, अक्षता टाकल्यासारखे. मला तेव्हा वाटलं होतं, कुणी याचं लग्न लावलंय की काय.”

अक्षता टाकल्यासारखे ठिपके. माथ्यावर. म्हणजे ठिपकेवाला पिंगळा. दारचा, चिंचेवरचा, संध्याकाळचा. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा असतो. शंकेला जागाच उरली नाही. अक्काला पक्षिशास्त्रातले काही कळत नाही, पण तिने पक्षी हातात घेतला होता, आणि माझ्याप्रमाणे नंतर त्यावर पुस्तके वाचली नव्हती.

यावरून चांदनीच्या जंगलात रानपिंगळा तेव्हा नव्हता, असे मात्र मला म्हणायचे नाही. साग-सालईचे विरळ रान त्याला लागते तसेच होते, आणि खकनारचे रान तिथून फार लांब नाही. असेलही. पण ‘असेल’ आणि ‘पाहिला’ यांत अंतर आहे. आम्ही ज्या ओंडक्यांवर लपंडाव खेळलो त्यांत किती ढोल्या होत्या हे आता मोजता येणार नाही. कारखाना पुढे रद्दी कागदापासून कागद बनवू लागला, २०१६ मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि २०२२ मध्ये नूतनीकरण होऊन तो पुन्हा सुरू झाला. सालईची मागणी गेली. जंगलावरचा ताण मात्र गेला नाही. २०२२-२३ मध्ये नेपानगरच्या बाजूला अतिक्रमणासाठी झालेल्या झाडतोडीच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. जुने, पोकळ झाड पुन्हा उभे राहायला एका माणसाचे आयुष्य पुरत नाही. आणि दिवाळी आली की लक्ष्मीपूजनाच्या रात्री तांत्रिक प्रयोगासाठी घुबडे पकडली जातात, विकली जातात, ते वेगळेच. ज्याने नऊ वर्षांचा असताना एक मारले त्याने यावर फार बोलू नये, म्हणून इथेच थांबतो.

गेल्या जानेवारीत खकनारकडे एकदा जाऊन आलो. पहाटेची एसटी आता महाराष्ट्राच्या बाजूने मिळत नाही, तेव्हा एका विद्यार्थ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलो. नऊ ते बारा आम्ही एका नाल्याच्या काठी बसलो. सालया उघड्या होत्या. दोन तांबट, एक शिक्रा, पुष्कळ सातभाई. रानपिंगळा दिसला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

अभ्यासकाला मी पत्राने सगळे कळवले, बेचकीसकट. त्याचे उत्तर आले. आभार मानले होते आणि अक्काचे वय विचारले होते. माझ्याकडच्या स्मरणिकेतली ती ओळ मी शाईने खोडली आहे आणि समासात लिहिले आहे : ‘ठिपकेवाला पिंगळा. चिंच. संध्याकाळ. मी मारला.’ बुऱ्हाणपुरात आणि नेपानगरात ज्यांच्या घरी ती स्मरणिका अजून असेल, त्यांनी पान काढून तेवढी दुरुस्ती करून घ्यावी. रद्दीत देण्याआधी केली तरी चालेल.